पाण्यासोबत उतरणारी वाट: ट्योल ते मेरान, पाटाच्या काठानं

डोंगरातून फिरायचं आहे, पण गुडघे चढाला तयार नाहीत, अशा मंडळींसाठी युरोपात सुचवावी अशी एक फेरी म्हणजे उत्तर इटलीतल्या मेरानची पाटवाट. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कशापायी कापला ते ओघात येईलच.

मेरान हे दक्षिण तिरोल प्रांतातलं शहर, उंची साधारण ३२५ मीटर. भोवतीच्या डोंगरउतारांवर सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षांचे मांडव आहेत, आणि त्यांना पाणी देण्यासाठी काढलेले जुने पाट आहेत. इथल्या जर्मन बोलीत पाटाला 'वाल' म्हणतात. बिरड्याच्या वालाशी संबंध नाही; पाण्याच्या 'आक्वा' या लॅटिन शब्दाच्या कुळातला हा शब्द आहे. पाटाच्या काठानं जाणारी पायवाट म्हणजे 'वालवेग'. मेरानच्या परिसरात असे बरेच वालवेग आहेत. त्यातला आल्गुंडचा वालवेग आणि त्याला शेवटी जोडून येणारा टापाइनर रस्ता मिळून ही फेरी होते. मेरानहून आगगाडीनं ट्योलला जायचं, तिथून पाटाच्या काठानं ग्राचपर्यंत सुमारे ६ किलोमीटर आणि पुढे टापाइनर रस्त्यानं सुमारे ४ किलोमीटर चालत परत मेरानच्या जुन्या पेठेत उतरायचं. जोडवाटा धरून १० ते ११ किलोमीटर होतात. न थांबता सव्वातीन-साडेतीन तास, खात-पीत, बाकांवर बसत गेलात तर पाच.

ही वाट सोपी का, हे कळलं की ती कोणत्या दिशेनं चालायची हेही कळतं. पाट खोदणाऱ्यांना पाणी लांब न्यायचं होतं, पण उंची कमीत कमी गमवायची होती. उतार जास्त ठेवला तर पाणी काठ खातं आणि खालच्या शेतांपुरतंच उरतं. कमी ठेवला तर गाळ बसतो. म्हणून पाट डोंगराच्या प्रत्येक सोंडेला आणि प्रत्येक घळीला वळसा घालत, जेमतेम उतरत जातो. त्याच्या काठची वाट फिरायला येणाऱ्यांसाठी केलेलीच नव्हती. पाटावर देखरेख करणाऱ्या माणसाची ती रोजची वाट. त्याला 'वालर' म्हणतात, म्हणजे आपला पाटकरी. खांद्यावर फावडं टाकून तो पाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, पालापाचोळा काढायचा, उंदीर-घुशींनी पाडलेली भोकं बुजवायचा, कुणी पाळी सोडून पाणी वळवलंय का ते पाहायचा. पाणी ज्या चालीनं उतरतं त्याच चालीनं वाट उतरते. तेव्हा ट्योलहून मेरानकडे, म्हणजे पाण्यासोबत चाला. उलट दिशेनंही जाता येतं आणि पुष्कळ लोक जातात, पण मग दिवसभराचा हलका चढ पायाखाली येतो आणि शेवटी बाजारपेठेऐवजी हमरस्त्याच्या काठचं स्टेशन.

फिनश्गाऊ ही मेरानच्या वरची दरी. नकाशावर आल्प्सच्या मधोमध असल्यानं तिथे धो-धो पाऊस पडत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढग अडवतात आणि दरीच्या बऱ्याच भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपला माणदेशच म्हणा, फरक एवढाच की डोक्यावर बर्फाचे डोंगर आहेत आणि ते उन्हाळ्यात वितळतात. ते पाणी उतारावरच्या शेतात वेळेवर आणणं हा इथल्या शेतीचा शेकडो वर्षांचा प्रश्न होता, आणि वाल हे त्याचं उत्तर. कठीण कड्यावर पाट खोदता येत नसे तिथे लार्च झाडाच्या ओंडक्याची पन्हळ करून ती कड्याला टांगत. पाणी पाळीनं मिळे. कुणाला किती वेळ, दिवसा की रात्री, हे ठरलेलं. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथे परकं काही वाटणार नाही: नदीवर बंधारा, पाट, पाळी, पाटकरी आणि त्यावरून होणारी भांडणं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं पारंपरिक सिंचनाचं ज्ञान आणि त्याची व्यवस्था अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ही नोंद सात युरोपीय देशांची मिळून आहे, आणि त्यांत इटलीही आहे.

एक गंमत मेरानच्या परिसरातल्या पाटांवर डोळे आणि कान उघडे ठेवून शोधा. पाण्यावर फिरणारं छोटं लाकडी चाक, आणि चाक फिरलं की हातोडी घंटेवर आपटते. ही देवळाची घंटा नाही, पाटाची नाडी आहे. घंटा वाजतेय तोवर पाणी वाहतंय. आवाज थांबला की वालरला घरबसल्या कळायचं: वर कुठेतरी पाला अडकलाय, दरड आलीय किंवा कुणीतरी पाणी पळवलंय.

आता प्रत्यक्ष फेरी. सुरुवात मेरान स्टेशनवरून, माल्सकडे जाणाऱ्या फिनश्गाऊ रेल्वेनं. हा मार्ग १९०६ चा. १९९० मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये प्रांतानं पुन्हा सुरू केला. मेरान, आल्गुंड, मार्लिंग आणि मग ट्योल, असा थांब्यांचा क्रम. ट्योल मेरानपेक्षा जवळजवळ दोनशे मीटर उंचावर आहे आणि एवढा चढ थेट घेणं गाडीला जमत नाही, म्हणून ती मार्लिंगच्या डोंगराला वळसा घालून बोगद्यांतून चढते. जाताना दरीकडच्या खिडकीत बसा. समोरच्या उतारावर आडवी गेलेली झाडांची रेघ दिसते, तीच परतीची वाट. दोन गोष्टी आदल्या दिवशी तपासा. या मार्गाच्या विद्युतीकरणामुळे अलीकडच्या वर्षांत काही टप्पे बंद ठेवून बदली बस चालवल्या गेल्या आहेत. प्रांताच्या 'ज्यूटिरोल मोबिल' ॲपवर गाडी आहे की बस ते कळतं. दुसरं म्हणजे तिकीट. मेरान भागातल्या बहुतेक हॉटेलांत आणि घरगुती निवासांत मुक्कामाबरोबर 'ज्यूटिरोल गेस्ट पास' मिळतो, त्यात प्रांतातल्या लोकल गाड्या आणि बस येतात. खोली घेतानाच मागून घ्या. पास असला तरी प्रवासाआधी तो यंत्रावर नोंदवावा लागतो. नुसता खिशात ठेवून बसलात तर तपासनीस त्याला विनातिकीटच धरेल.

गावांची नावं दोन-दोन आहेत, त्यानं गोंधळू नका. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीकडे आला. म्हणून प्रत्येक पाटीवर जर्मन आणि इटालियन: मेरान म्हणजेच मेरानो, आल्गुंड म्हणजे लागुंदो, ट्योल म्हणजे टेल, ग्राच म्हणजे क्वारात्से. ट्योल हे नाव तर आपल्या टोलनाक्याचं सख्खं भावंड. रोमन काळात क्लाउडिया आउगुस्टा हा राजमार्ग इथून जायचा आणि इथे जकात घेतली जायची.

ट्योलला उतरल्यावरच सगळ्यांत जास्त लोक चुकतात. आदिजे नदीच्या दोन्ही अंगांना पाट आहेत आणि दोन्ही वालवेग ट्योलपाशीच सुरू होतात. पिवळसर लाकडाच्या पाटीवर नुसतं 'वालवेग' एवढंच वाचून निघालात तर मार्लिंगच्या पाटावर जाल. तो नदीच्या उजव्या अंगाला आहे, १२ किलोमीटर लांब आहे आणि लानाकडे जातो. मेरानच्या पेठेत येत नाही. 'आल्गुंडर वालवेग' ही दोन शब्दांची पाटी हवी, आणि वाट नदीच्या डाव्या, उन्हाच्या अंगाला असायला हवी. पाणी तुमच्याच दिशेनं वाहतंय ना, हा दुसरा ताळा.

पहिला टप्पा या फेरीतला सगळ्यांत कमजोर. खाली दरीतून फिनश्गाऊचा हमरस्ता जातो आणि त्याची घरघर बराच वेळ सोबत करते. शनिवार-रविवारी तर मोटारसायकलींचा ताफाच. कापलेला अर्धा गुण याच्यासाठी. शिवाय काही ठिकाणी पाट झाकलेला आहे, पाणी नळातून जातं आणि 'पाटाच्या काठानं' या शब्दांना तेवढ्यापुरता अर्थ राहत नाही. धीर धरा. प्लार्सच्या द्राक्षमांडवांशी पोचेपर्यंत वाट रस्त्यापासून दूर झालेली असते, आणि तिथून पुढे हा वालवेग आपला खरा रंग दाखवतो.

मांडव हा शब्द इथे तंतोतंत लागू पडतो. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षमांडव पाहिलेल्यांना रचना लगेच ओळखू येईल, फक्त इथली छपरं उताराकडे कललेली आणि जुनी मांडवं लाकडी. द्राक्ष बहुतेक फेर्नाच जातीचं: हलक्या तांबड्या वाइनचं, आणि पूर्वी मेरानला येणाऱ्या रोग्यांना औषध म्हणून टोपलीभर खायला लावत तेच. मांडव संपले की सफरचंदांच्या रांगा. झाडं माणसाच्या हाताला येतील एवढी बुटकी, तारांवर बांधलेली, वर गारांपासून बचावाची जाळी. युरोपीय संघातल्या सफरचंदांपैकी साधारण दहावा हिस्सा या एका प्रांतातून येतो. लोंबणारं फळ तोडू नका. चोरी तर आहेच, शिवाय त्यावर नुकतीच फवारणी झालेली असू शकते. ट्रॅक्टर पंखा लावून फवारत असेल तर ती रांग संपेपर्यंत मागेच थांबलेलं बरं.

जुन्या पाटावर आजही शेती भिजते, पण मोठा भाग तुषार आणि ठिबकवर गेला आहे. एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या वेळी रात्री तापमान शून्याखाली गेलं तर शेतकरी मुद्दाम तुषार सुरू करतात. फुलांवर पाणी गोठतं आणि गोठताना सोडलेल्या उष्णतेमुळे आतली कळी वाचते. पहाटे काचेची बाग पाहायला मिळते खरी, पण तेव्हा काठची वाट निसरडी असते. अशा दिवशी नऊच्या आधी निघू नका.

वाटेचा पृष्ठभाग मातीचा, काही ठिकाणी खडी किंवा फरसबंदी. ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत. तळ न झिजलेले स्पोर्ट्स शूज पुरेत. चपला आणि गुळगुळीत तळाचे कॅनव्हास मात्र नकोत, कारण पाटातून झिरपणाऱ्या पाण्यानं कडा ओल्या राहतात आणि ऑक्टोबरात त्यावर पानांचा थर बसतो. काही जागी दोन माणसं शेजारी-शेजारी मावत नाहीत. समोरून गट आला तर डोंगराच्या बाजूला सरकून थांबायचं आणि 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं. हा इथला रामराम. सायकलींना वालवेगवर बंदी आहे, त्यांच्यासाठी ट्योलहून खाली नागमोडी वळणांचा स्वतंत्र मार्ग आहे. लहान मुलं सोबत असतील तर पाटाच्या बाजूला मोठ्या माणसानं चालावं. पाणी उथळ दिसतं, पण ते वेगात असतं आणि वितळलेल्या बर्फाचं, म्हणजे हात सुन्न करणारं. ते पिण्याचंही नाही. बाटली भरायची ती गावातल्या हौदांच्या तोटीवर, आणि तिथेही 'काइन ट्रिंकवासर' किंवा 'नॉन पोताबिले' (पिण्याचं पाणी नाही) असं लिहिलं नाही ना ते बघून.

अर्ध्यावर आल्गुंड गाव खालच्या अंगाला येतं. दमलेल्यांची सुटका इथे: वीस-पंचवीस मिनिटं उतरलं की मेरानची बस मिळते. घरातली ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर फेरी इथेच तोडण्याचं आधीच ठरवा, म्हणजे कुणाला ओशाळं वाटत नाही. पुढे ग्राचकडे जाताना वर तिरोलचा किल्ला दिसू लागतो. सगळ्या तिरोल मुलुखाला नाव मिळालं ते याच किल्ल्यावरून. वालवेग सोडून वर जाण्याचा मोह आवरा. तो चढ वेगळा आहे आणि किल्ल्याला वेगळा अर्धा दिवस द्यायला हवा.

जेवणाचं. वाटेवर आणि आसपासच्या वस्त्यांत खानावळी आहेत, त्यातल्या काही शेतकऱ्यांच्या घरच्या, 'बुशनशांक'. प्रत्येकाचा आठवड्यातला सुट्टीचा दिवस वेगळा, आणि दुपारी दोन-अडीचनंतर चूल बंद होऊन फक्त कॉफी-केक उरतो. म्हणून साडेबाराच्या सुमाराला जिथे असाल तिथे बसा, पुढची खानावळ अधिक सुंदर असेल या आशेवर राहू नका. शाकाहारी लोकांसाठी पहिली पसंती श्लुत्सक्राप्फेन: पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या, उकडून वर लोणी सोडलेल्या पापड्या. क्नोडल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. पालकाचे आणि चीजचे चालतील, पण साध्या क्नोडलमध्ये बहुधा श्पेक असतं, म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस. आणि गोळे सुपात आले तर ते सूप सहसा गोमांसाचं. 'ओने श्पेक, ओने फ्लाइश' (श्पेक नको, मांस नको) एवढे चार शब्द पाठ करा. गोडात आपफेलश्ट्रूडल. मद्य नको असेल तर गाळ न काढलेला सफरचंदाचा रस मागा, दुकानातल्या डब्यातल्या रसाशी त्याचं काही नातं नाही.

ग्राचला पाट संपतो आणि टापाइनर रस्ता सुरू होतो. मेरानचे डॉक्टर फ्रान्झ टापाइनर यांनी आपल्या पैशानं तो बांधायला घेतला, १८९३ मध्ये पहिला भाग खुला झाला. हवापालटाला आलेल्या रोग्यांना धाप न लागता चालता यावं हा हेतू. म्हणून हा रस्ता पाटासारखाच सपाट, शहराच्या वर साधारण शंभर मीटरवरून जाणारा. मात्र स्वभाव अगदी वेगळा: रुंद, राखलेला, दर काही पावलांवर बाक, आणि दोन्ही बाजूंना ताड, बांबू, निलगिरी, बुचाचा ओक अशी उबदार देशांतली झाडं, समोर बर्फाची शिखरं. ज्यांना पाटाची अरुंद वाट झेपणार नाही, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी आहे, त्यांनी वालवेगचा नाद सोडून एवढा रस्ताच करावा. तोटा एकच, इथे दुपारी गर्दी असते आणि पाण्याचा आवाज नसतो. पाटाच्या काठानं दोन तास चालून आल्यावर ते जाणवतं.

केव्हा जावं, यावर आमचं मत ठाम आहे: एप्रिलचा मध्य, किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर अखेर. एप्रिलात फुलोरा, शरदात द्राक्षतोडणी, आणि ऑक्टोबरपासून 'ट्योर्गेलन', म्हणजे नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट खात खानावळी पालथ्या घालण्याचा हंगाम. ईस्टरचा आठवडा आणि ऑक्टोबरातले रविवार टाळा, तेव्हा वाटेवर रांग लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे तोंड करून असलेला हा उतार तापतो आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. त्या दिवसांत साडेसातची गाडी पकडा किंवा सरळ मार्लिंगचा पाट घ्या, त्यावर दुपारनंतर डोंगराची सावली लवकर येते. हिवाळ्यात पाटाचं पाणी बंद असतं, खानावळीही बऱ्याच बंद असतात. कोरड्या चरासोबत चालण्यासाठी एवढ्या लांब कुणी जाऊ नये.

मार्लिंगच्या पाटाबद्दल थोडं. तो १७३७ ते १७५६ या काळात श्नाल्स दरीतल्या कार्थुसियन मठानं खोदवला. लांबी जास्त, सावली जास्त, झाडी दाट. पाट म्हणून तो आल्गुंडपेक्षा सरस आहे, हे मान्य. पण १२ किलोमीटर करून लानाला पोचायचं आणि मग बसनं मेरानला यायचं; सोपी फेरी म्हणून आल्गुंडच पुढे. दोन दिवस हातात असतील तर पहिल्या दिवशी आल्गुंड, दुसऱ्या दिवशी मार्लिंग. कंटाळा आला तर मार्लिंग गावात उतरून गाडीनं परत येता येतं.

टापाइनर रस्त्यावरून पेठेत उतरायला बऱ्याच वाटा आणि पायऱ्या फुटतात. पहिल्याच पायऱ्यांनी खाली येऊ नका. बारुदखान्याचा जुना बुरूज लागेपर्यंत चालत राहा. त्याच्या माथ्यावरून अख्खं मेरान आणि ट्योलकडची दरी एका नजरेत येते. मग बुरुजाजवळची उतरती वाट धरा, ती सेंट निकोलसच्या चर्चच्या मागे येते, आणि चर्चला वळसा घातला की समोर कमानींची पेठ. रविवार असेल तर दुकानं बहुतेक बंद. आईस्क्रीमवाले उघडे असतात.